साक्ष कोणाच्या शब्दांत?

अमरावती किंवा अकोल्याच्या जिल्हा न्यायालयाचे निकालपत्र ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतले, तर शेवटी बहुधा एक छोटे प्रमाणपत्र सापडते. पीडीएफमधला मजकूर मूळ निकालाशी शब्दशः जुळतो, अशी त्यात हमी असते आणि खाली लघुलेखकाचे नाव. न्यायाधीशांच्या शब्दांची राखण अशी होते. साक्षीदाराच्या शब्दांची कोण करतो?

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांसाठी 1944 मध्ये कायद्याने अधिकृत कोर्ट रिपोर्टर हे पद निर्माण झाले. खुल्या न्यायालयातले बोलणे शब्दशः टिपायचे, त्याचा पगार घ्यायचा आणि पक्षकारांना उतारा दिला तर वेगळे शुल्क आकारायचे, अशी ती नोकरी. आपला लघुलेखक वरवर तसाच दिसतो. पण साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचे वाक्य बांधून सांगतात आणि लघुलेखक टंकतो ते हे दुसरे वाक्य.

ही रीत एका दिवसात आली नाही. निजामाने 1853 मध्ये कंपनीच्या हवाली केलेले वऱ्हाड 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. त्या काळच्या, 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार साक्ष न्यायालयाच्या भाषेत लिहायची असे. दंडाधिकारी ती स्वतः लिहीत नसेल, तर त्याच्यासमोर दुसरा लिही आणि दंडाधिकाऱ्याला सारांशाचे टिपण वेगळे करावे लागे. एका साक्षीच्या दोन नोंदी होत. एक कारकुनाची, एक साहेबाची. 1973 च्या संहितेत सत्र खटल्यांसाठी खुल्या न्यायालयातल्या डिक्टेशनला स्पष्ट जागा मिळाली. साक्ष सर्वसाधारणपणे निवेदनाच्या रूपात घ्यायची, प्रश्नोत्तरे न्यायाधीशांना वाटले तर. म्हणजे प्रश्न गळतो, उत्तर उरते.

आता हे वऱ्हाडात आणून पाहू. समजा, साक्षीदार म्हणाला, “त्यायनं मले धुऱ्यावर पाडलं.” ‘धुऱ्या’चा ‘बांध’ झाला, तरी अर्थ बिघडत नाही. ‘त्यायनं’चे काय? तो एकाच वडीलधाऱ्या माणसाचा आदरार्थी उल्लेख असेल, नाहीतर चौघे असतील. मराठी नोंदीत ‘त्यांनी’ लिहिले, की संदिग्धता जशीच्या तशी उतरते आणि उलटतपासणीत तिच्यावर बोट ठेवता येते. 1998 च्या अधिसूचनेने खालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरली, तरी कामकाजातून इंग्रजी गेलेली नाही. इंग्रजीत मात्र एक की अनेक, हे तिथल्या तिथे ठरवावे लागते. आरोपी किती, हे कधीकधी त्या एका सर्वनामावर ठरते.

साक्ष वाचून दाखवावी आणि दुरुस्ती असल्यास नोंदवावी, असे कायदा सांगतोच. पण एकदा नोंद झाली, की ती खोडणे अवघड. अंतुले प्रकरणातून निघालेल्या रामदास नायक खटल्यात, 1982 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की न्यायालयात काय घडले याची न्यायाधीशांनी निकालात केलेली नोंद अंतिम. चूक वाटली तर आठवण ताजी असतानाच त्याच न्यायाधीशांच्या नजरेस आणावी. तो प्रश्न वकिलाने दिलेल्या कबुलीचा होता, पण कागदाचे वजन त्यातून कळते.

हा कागद ज्याच्या हातून उतरतो, त्याची भरती कशी होते? मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी 4,629 जागांची जाहिरात काढली. त्यात लघुलेखक श्रेणी-3 च्या 568. लघुलेखनाचा वेग मिनिटाला इंग्रजी 100, मराठी 80 शब्द. टंकलेखन 40 आणि 30. वेतनश्रेणी 38,600 ते 1,22,800. साक्षी, आदेश, निकालपत्रे, सगळे त्याच हातांनी. मोजला जातो तो वेग. साक्षीदाराचे बोलणे आणि सांगितले गेलेले वाक्य यांतला फरक कानावर पडला, तर तो बोलून दाखवणे त्याच्या कामात कुठेच लिहिलेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 21 फेब्रुवारी 2023 ला सुनावणीचे यंत्राद्वारे लेखन सुरू केले, तेही शिवसेनेच्या खटल्यात. तिथे इंग्रजी बोलणारे वकील होते. माझ्या धंद्यातली माणसे हेच यंत्र उद्या जिल्हा न्यायालयात आणतील आणि लघुलेखकाची गरज संपली म्हणतील. मला उलटे वाटते. साक्षीचे ध्वनिमुद्रण जपावे, यंत्राने कच्चा उतारा द्यावा, आणि वावर-धुऱ्याची भाषा कळणाऱ्या लघुलेखकाने तो तपासून खाली सही करावी. ‘शब्दशः’ ही हमी निकालाला मिळते. ती साक्षीदारालाही मिळाली पाहिजे.