चष्म्याच्या कुळातले घड्याळ

संगणकावरचे खेळ घनरूप दाखविणाऱ्या चष्म्याची वंशावळ सांगणारे बहुतेक लेखक चार्ल्स व्हीटस्टन यांच्या १८३८ सालच्या आरशांच्या यंत्रापासून आरंभ करतात आणि ब्रूस्टरची भिंगे, मॉर्टन हायलिग यांचे १९६० सालचे पेटंट व आयव्हन सदरलँड यांचे १९६८ सालचे शिरोयंत्र अशा ठरलेल्या मुक्कामांवरून आजच्या हेडसेटपर्यंत येऊन पोहोचतात. ही वंशावळ खोटी नव्हे. परंतु तीत एक शाखा गाळली गेली आहे, आणि घरच्या टीव्हीसमोर बसून खेळणाऱ्या मुलांच्या नाकावर जो चष्मा चढला, तो माझ्या मते त्या गाळलेल्या शाखेतला. तिचा मूळ पुरुष म्हणजे ज्याच्या नावाचा ऑर्गन जगभर वाजतो, तो लॉरेन्स हॅमंड.

१९२२ सालच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेल्विन नाट्यगृहात हॅमंडने ‘टेलिव्ह्यू’ नावाचा प्रयोग मांडला, तेव्हा त्याचे वय २७ वर्षांचे होते. पडद्यावर डाव्या व उजव्या डोळ्यांसाठीची चित्रे आळीपाळीने पडत, आणि प्रत्येक खुर्चीला लवचीक दांडीवर जडवलेल्या दर्शकयंत्रात एक झडप गरगर फिरत राहून, ज्या क्षणी ज्या डोळ्याचे चित्र नसेल, त्या क्षणी तो डोळा झाकून टाकी. येथे दोन चित्रांची फारकत जागेने केलेली नाही, काळाने केलेली आहे, आणि माझ्या प्रतिपादनाची सारी मदार या एका भेदावर आहे. नाट्यगृहातल्या साऱ्या झडपा प्रक्षेपकाच्या तालावर चालाव्यात म्हणून हॅमंडने प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाच्या आंदोलनांशी जखडलेली समकालिक मोटर वापरली. प्रत्येक खुर्चीला यंत्र बसविण्याचा हा खटाटोप दुसऱ्या कोणत्याही नाट्यगृहाने अंगावर घेतला नाही, आणि टेलिव्ह्यूचा कारभार तेथेच आटोपला.

मोटरीचे मात्र भाग्य उजळले. १९२८ साली त्याच तत्त्वावर विजेची घड्याळे बनवणारी कंपनी हॅमंडने काढली. पुढे १९३४ साली ऑर्गनचे पेटंट मिळाले, आणि त्यातली स्वरचक्रेही समकालिक मोटरच फिरवू लागली. साठ आंदोलनांच्या अमेरिकन विजेसाठी घडवलेला असा ऑर्गन आपल्याकडच्या पन्नास आंदोलनांच्या विजेवर तसाच चालवला, तर सारे सूर सहास पाच या प्रमाणात खाली येतील, म्हणजे षड्जापासून कोमल गंधाराचे जे अंतर, नेमके तेवढ्याने. वीज कंपनीच्या तारेतून पट्टी ठरणारे हे वाद्य आणि तारेतल्याच तालावर डोळे झाकणारे ते यंत्र, ही सख्खी भावंडे होत.

आता चष्म्याकडे. १९८४ साली व्हेक्ट्रेक्स या खेळयंत्रासाठी निघालेला ‘थ्रीडी इमेजर’ पाहिला, की हॅमंडची झडप खुर्चीवरून उठून थेट कपाळावर येऊन बसल्याचा प्रत्यय येतो: डोळ्यांपुढे अर्धी काळी व अर्धी तांबड्या, हिरव्या आणि निळ्या पट्ट्यांची एक चकती मोटरीने फिरते, आणि एकाच काळ्या-पांढऱ्या नळीवरून घनता व रंग या दोन्हींचा भास उत्पन्न करते. प्रतिपक्ष म्हणेल, की इमेजरच्या कर्त्याने हॅमंडचे नाव तरी ऐकले होते काय? मी रक्ताच्या नात्याचा दावा करीतच नाही. विद्येचे नाते सांगतो, आणि ते चकतीवर उघड दिसते.

पुढे १९८७ साली सेगा व निन्टेन्डो या दोघांनीही मोटरीला रजा देऊन द्रवस्फटिकांच्या झडपा आणल्या, तरी सत्ता विजेच्या तारेचीच राहिली. टीव्हीच्या पडद्यावर सेकंदाला किती वेळा चित्र रेखायचे, हे मुळात त्या त्या देशातल्या विजेची आंदोलने पाहून ठरले होते. म्हणून अमेरिकेत साठाची वाटणी होऊन प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला तीस चित्रे येत, युरोपात पंचवीसच. या चष्म्यांविषयीची मुख्य तक्रार, म्हणजे डोळे शिणवणारी लुकलुक, हिचे मूळ या वाटणीत आहे.

सेकंदाला एकशेवीस चित्रांच्या पडद्यापुढे वापरायचा असा एक चष्मा मी स्वतः लावून खेळलो आहे. मोटारींच्या शर्यतीत समोरचा कठडा पडद्याबाहेर आल्यासारखा वाटून मान आपोआप मागे जाते, हे सुख खरेच. पण खोलीत चोकची जुनी ट्यूबलाईट चालू असताना चष्मा चढवला, की पडद्याभोवतालची भिंत थरथरू लागे. दर डोळ्याची झडप सेकंदाला साठदा उघडते, आपली ट्यूब शंभरदा उजळते, आणि दोन तालांचा मेळ न बसल्याने मधल्यामध्ये एक तिसराच कंप जन्माला येतो. दिवा मालवला की भिंत स्थिर होई.

प्रतिस्पर्धी शाखेचा, म्हणजे प्रत्येक डोळ्याला स्वतंत्र पडदा देणाऱ्यांचा, मोठेपणा मी नाकारीत नाही. १९९५ सालचा ‘व्हर्च्युअल बॉय’ तांबड्याच रंगापायी आणि स्टँडवर डोके टेकवून खेळण्याच्या शिक्षेपायी फसला. परंतु २०११ साली आलेल्या सोनीच्या एचएमझी-टी१ या शिरोयंत्रात दोन इवले पडदे होते, आणि एका डोळ्याचे चित्र दुसऱ्यात झिरपण्याची झडपवाल्यांची जुनी व्याधी त्यात उद्भवतच नव्हती. त्याचे वजन मात्र ४२० ग्रॅम. २०१२ नंतर ऑक्युलसच्या मागे सारा बाजार याच शाखेकडे वळला, हेही कबूल. तथापि त्याच ऑक्युलसने २०१४ सालच्या नमुन्यात असा पडदा बसवला, की प्रत्येक चित्र क्षणमात्र उजळावे आणि उरलेला काळ पडदा काळोखा राहावा. एरवी मान वळवताच चित्र फरफटत जाई. हॅमंडच्या झडपेचे काम तेथे पडद्यानेच अंगावर घेतले आहे. हा काळोख दोन डोळ्यांची चित्रे वेगळी करण्यासाठी नाही, आणि तेवढ्या कारणाने हॅमंडचा वारसाहक्क बुडतो असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद अद्याप चालू आहे.