बोलपटाच्या आरंभकाळातील हॉलीवूड आणि चित्रपटसंगीत (१९२६ ते १९३५)

प्रस्तावना :
ध्वनीच्या आगमनाबरोबर चित्रपटात संगीत आले, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. मूकपट क्वचितच शांततेत दाखवले जात. लहान चित्रपटगृहात पियानो, तर मोठ्या चित्रपटगृहात ऑर्गन किंवा पूर्ण वाद्यवृंद पडद्यावरील प्रसंगांना साथ करीत असे. ध्वनिमुद्रणाने चित्रपटाला संगीत दिले नाही. उलट कथाप्रधान बोलपटातून ते काही वर्षे जवळजवळ हद्दपार केले. प्रस्तुत लेखात या विसंगतीची कारणमीमांसा करण्याचा प्रयत्न केला आहे.

तबकडीवरील वाद्यवृंद :
६ ऑगस्ट १९२६ रोजी वॉर्नर ब्रदर्सचा 'डॉन जुआन' न्यूयॉर्क येथे प्रदर्शित झाला. त्यात संवाद नव्हते. व्हिटाफोन पद्धतीने तबकडीवर मुद्रित केलेले न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे वादन होते. पात्रांना बोलते करण्यापेक्षा महानगरातील वाद्यवृंद छोट्या गावांतील चित्रपटगृहापर्यंत पोहोचविणे हा या प्रयोगामागील प्रमुख हेतू होता. ६ ऑक्टोबर १९२७ रोजी प्रदर्शित झालेला 'द जॅझ सिंगर' हाही मुख्यतः मूकपटच होता. त्यातील अल जॉल्सनची गाणी आणि मोजके संवाद यांनी प्रेक्षकांना भारावून टाकले.

या यशाची किंमत चित्रपटगृहातील वादकांनी मोजली. ध्वनियंत्रणा बसताच अल्पावधीत हजारो वादक बेकार झाले. अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स या त्यांच्या संघटनेने यांत्रिक संगीताविरुद्ध वृत्तपत्रांतून जाहिरातींची मोहीम चालविली. त्या जाहिरातींत संगीत बळकावणारा यंत्रमानव चितारलेला असे. तथापि हा प्रवाह थोपविणे संघटनेला शक्य झाले नाही.

गीतपटांची लाट :
१९२९ च्या 'द ब्रॉडवे मेलडी' या गीतपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे अकादमी पारितोषिक मिळविले. त्यातील एका नृत्याचे पुनर्चित्रण करताना आधी मुद्रित केलेले संगीत वाजवून नर्तकांना त्यावर नाचविण्यात आले. पुढे सर्वमान्य झालेल्या या पद्धतीमुळे गीताच्या चित्रणात कॅमेरा ध्वनिग्रहणाच्या बंधनातून मोकळा झाला. परंतु अतिरेकामुळे प्रेक्षक लवकरच कंटाळले. १९३१ पर्यंत ही लाट ओसरली. १९३३ च्या '४२ स्ट्रीट'ने गीतपटाला पुन्हा उभारी दिली.

पार्श्वसंगीताचे मौन :
कथाप्रधान बोलपटात संगीत मागे पडण्याची कारणे दुहेरी होती. पहिले तांत्रिक. आरंभी संवाद व संगीत एकाच वेळी मुद्रित करावे लागे. त्यामुळे संवादाची काटछाट केली की संगीतही तुटत असे. दुसरे संकेताचे. वाद्य पडद्यावर दिसत नसताना सूर कोठून येतात, असा प्रश्न प्रेक्षकांना पडेल, अशी निर्मात्यांना धास्ती वाटे. म्हणून संगीतासाठी रेडिओ, पियानो किंवा रस्त्यावरील वादक असे निमित्त दाखविले जाई. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'त श्रेयनामावलीला चायकोव्हस्कीचे संगीत आहे. पुढे मात्र भयाचे प्रसंगही बहुतांशी संगीताविना घडतात.

पुनरागमन :
ध्वनींचे स्वतंत्र मुद्रण करून त्यांचे मिश्रण करणे सुकर झाले, तसा पहिला अडथळा दूर झाला. दुसरा दूर करण्यात व्हिएन्नात जन्मलेल्या मॅक्स स्टायनर यांचा वाटा मोठा आहे. १९३३ च्या 'किंग काँग'मध्ये श्रेयनामावलीनंतर न्यूयॉर्कमधील प्रसंगांना संगीत नाही. जहाज धुक्यातून बेटाकडे सरकू लागते तेव्हा ते सुरू होते. तेथे एकही वाद्य दिसत नाही, तरी ते खटकत नाही. कारण वास्तवातून कल्पित जगात होणारा प्रवेश त्यातूनच सूचित होतो. १९३५ च्या 'द इन्फॉर्मर'च्या संगीताला अकादमी पारितोषिक लाभले, तेव्हा पार्श्वसंगीताला प्रतिष्ठा प्राप्त झाल्याचे स्पष्ट झाले.

निष्कर्ष :
या दशकाचा इतिहास केवळ तंत्राच्या विजयाचा नाही. ध्वनिमुद्रणाने गावोगावचे जिवंत वादन संपविले आणि त्याच्या जागी मोजक्या स्टुडिओंत तयार होणारे, सर्वत्र एकसारखे संगीत आणले. संगीतकाराला चित्रपटाचा सहनिर्माता म्हणून स्थान मिळाले. चित्रपटगृहातील वादकाला मात्र त्याची जागा परत मिळाली नाही. चित्रपटसंगीताच्या इतिहासलेखनात या दोन्ही बाजूंची नोंद एकत्रितपणे होणे आवश्यक आहे.