मुंबई इंडियन्स, २०२५ हंगाम

२०२५ च्या इंडियन प्रीमियर लीग (आयपीएल) स्पर्धेत मुंबई इंडियन्स संघाने चौथे स्थान मिळवून बाद फेरी गाठली. १ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे पंजाब किंग्जकडून पराभूत झाल्याने संघाचे आव्हान संपुष्टात आले. मे महिन्यात भारत आणि पाकिस्तान यांच्यात उद्‌भवलेल्या लष्करी संघर्षामुळे हा हंगाम मध्येच थांबला. साथीचा रोग, सार्वत्रिक निवडणुका अशा कारणांनी आयपीएलचे वेळापत्रक आणि ठिकाण यापूर्वीही बदलले होते. सशस्त्र संघर्षामुळे स्पर्धा स्थगित होण्याची मात्र ही पहिलीच वेळ होती. संघाच्या दोन सलग सामन्यांत पंधरा दिवसांचा खंड पडला, एका सामन्याचे ठिकाण दोनदा बदलले आणि बाद फेरीला तीन परदेशी खेळाडू उपलब्ध राहिले नाहीत.

पार्श्वभूमी

२००८ मध्ये स्थापन झालेल्या या संघाने २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे मिळवली होती. २०२४ मध्ये मात्र तो गुणतक्त्यात तळाला, दहाव्या स्थानी राहिला. नव्या हंगामासाठी महेला जयवर्धने पुन्हा मुख्य प्रशिक्षक झाले आणि कर्णधारपद हार्दिक पंड्याकडे कायम राहिले. षटकांची गती संथ राखल्याबद्दल आदल्या हंगामात झालेल्या कारवाईमुळे पंड्या पहिला सामना खेळू शकला नाही. चेन्नईतील त्या सामन्यात सूर्यकुमार यादवने नेतृत्व केले.

सुरुवात निराशाजनक होती. पहिल्या पाच सामन्यांत संघाला एकच विजय मिळाला. वानखेडे स्टेडियमवर ३१ मार्चला कोलकाता नाईट रायडर्सविरुद्ध मिळालेल्या या विजयात पदार्पण करणाऱ्या अश्वनी कुमारने २४ धावांत ४ बळी घेतले. दुखापतीतून सावरलेला जसप्रीत बुमराह ७ एप्रिलला संघात परतला. त्यानंतर १३ एप्रिल ते १ मे या काळात मुंबईने सलग सहा सामने जिंकले. जयपूरमध्ये राजस्थान रॉयल्सवर मिळवलेला विजय तर तब्बल १०० धावांचा होता.

या विजयमालिकेच्या मध्यावरच, २२ एप्रिल रोजी जम्मू-काश्मीरमधील पहलगाम येथे दहशतवादी हल्ला होऊन २६ जण ठार झाले. मृतांपैकी सहा जण महाराष्ट्रातील होते. दुसऱ्या दिवशी हैदराबादमध्ये सनरायझर्स हैदराबाद आणि मुंबई इंडियन्स यांच्यात ठरलेला सामना झाला. खेळाडूंनी दंडाला काळ्या फिती बांधल्या, सामन्यापूर्वी मौन पाळण्यात आले आणि आतषबाजी व नृत्याचे कार्यक्रम रद्द करण्यात आले. मुंबईने हा सामना ७ गडी राखून जिंकला.

६ मेची रात्र आणि स्थगिती

६ मे रोजी वानखेडेवर गुजरात टायटन्सविरुद्धच्या सामन्यात पावसाने वारंवार व्यत्यय आणला. मुंबईच्या ८ बाद १५५ धावांना उत्तर देताना गुजरातसमोर डकवर्थ-लुईस-स्टर्न नियमानुसार १९ षटकांत १४७ धावांचे सुधारित लक्ष्य ठेवण्यात आले. शेवटच्या षटकात १५ धावा हव्या होत्या आणि त्या अखेरच्या चेंडूवर पूर्ण झाल्या. सामना संपला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. त्याच रात्री भारतीय सैन्यदलांनी ‘ऑपरेशन सिंदूर’ या मोहिमेत पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधील नऊ ठिकाणांवर हल्ले केले. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाच्या सराव कवायती झाल्या. मुंबईत त्यासाठी निवडलेले क्रॉस मैदान वानखेडे स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

मुंबईचा पुढचा सामना ११ मे रोजी धरमशाला येथे पंजाब किंग्जविरुद्ध होता. तेथील विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद झाल्याने ८ मे रोजी हा सामना अहमदाबादला हलवण्यात आला. त्याच संध्याकाळी धरमशाला येथे पंजाब आणि दिल्ली कॅपिटल्स यांच्यात सामना सुरू होता. पंजाबच्या १०.१ षटकांत १ बाद १२२ धावा झाल्या असताना मैदानावरील दिवे बंद झाले. सामना तेथेच सोडून देण्यात आला आणि प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. दोन्ही संघांना नंतर विशेष रेल्वेगाडीने दिल्लीला नेण्यात आले. ९ मे रोजी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने (बीसीसीआय) स्पर्धा एका आठवड्यासाठी स्थगित केली. बहुतेक परदेशी खेळाडू मायदेशी परतले. पाकिस्तान सुपर लीगही याच दिवसांत थांबवावी लागली.

स्थगितीच्या वेळी मुंबईचे १२ सामन्यांतून १४ गुण होते. संघ चौथ्या स्थानावर होता आणि पंजाब व दिल्ली यांच्याविरुद्धचे दोन सामने उरले होते. दिल्लीशी होणारा सामना मूळ वेळापत्रकानुसार १५ मे रोजी वानखेडेवर होता.

युद्धकाळात खेळाचे काय करावे, याला एकच एक उत्तर कधीच नव्हते. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच इंग्लंडमधील फुटबॉल लीगचा हंगाम जेमतेम तीन फेऱ्यांनंतर रद्द झाला. मुंबईतील पंचरंगी क्रिकेट स्पर्धा मात्र १९४२ चा अपवाद वगळता युद्धकाळातही भरत राहिली; विजय हजारे यांची ३०९ धावांची प्रसिद्ध खेळी त्याच काळातली. २०२५ मध्ये प्रश्न लवकर सुटला, कारण १० मे रोजी शस्त्रविराम झाला.

पुनरारंभ

१२ मे रोजी नवे वेळापत्रक जाहीर झाले. १७ मेपासून सहा शहरांत उर्वरित १७ सामने होणार होते आणि अंतिम सामन्याची तारीख २५ मेऐवजी ३ जून ठरली. हैदराबाद आणि कोलकाता येथे नियोजित बाद फेरीचे सामने पुढे न्यू चंदीगड (मुल्लांपूर) आणि अहमदाबाद येथे हलवण्यात आले. मुंबई-पंजाब सामना जयपूरला गेला. अशा रीतीने एकाच सामन्यासाठी धरमशाला, अहमदाबाद आणि जयपूर अशी तीन ठिकाणे ठरली.

नऊ दिवसांची ही वाढ परदेशी खेळाडूंसाठी अडचणीची ठरली. इंग्लंडची वेस्ट इंडीजविरुद्धची एकदिवसीय मालिका २९ मेपासून होती, तर दक्षिण आफ्रिकेला ११ जूनपासून लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना खेळायचा होता. त्यामुळे मुंबईचे विल जॅक्स (इंग्लंड), रायन रिकल्टन आणि कॉर्बिन बॉश (दोघे दक्षिण आफ्रिका) साखळी फेरीनंतर संघ सोडणार हे निश्चित झाले. रिकल्टन हा संघाचा नियमित सलामीवीर आणि यष्टिरक्षक होता. त्याने १४ सामन्यांत ३८८ धावा केल्या होत्या. बीसीसीआयने तात्पुरते बदली खेळाडू घेण्याची मुभा दिली, मात्र अशा खेळाडूंना पुढील हंगामासाठी संघात कायम ठेवता येणार नव्हते. मुंबईने जॅक्सच्या जागी जॉनी बेअरस्टो, रिकल्टनच्या जागी रिचर्ड ग्लीसन आणि बॉशच्या जागी चरिथ असलंका यांना करारबद्ध केले.

२१ मे रोजी वानखेडेवर दिल्लीविरुद्ध सूर्यकुमारने ४३ चेंडूंत नाबाद ७३ धावा केल्या. मुंबईच्या ५ बाद १८० धावांसमोर दिल्लीचा डाव १२१ धावांत आटोपला. मिचेल सँटनरने ११, तर बुमराहने १२ धावांत प्रत्येकी ३ बळी घेतले. या विजयाने मुंबईचे बाद फेरीतील स्थान पक्के झाले.

२६ मे रोजी जयपूरमध्ये पंजाबला हरवले असते तर मुंबई पहिल्या दोन संघांत पोहोचली असती आणि अंतिम फेरी गाठण्यासाठी तिला दोन संधी मिळाल्या असत्या. मुंबईच्या ७ बाद १८४ धावा पंजाबने १८.३ षटकांत ७ गडी राखून पार केल्या. संघ सोडून जाणारे खेळाडू या सामन्यापर्यंत उपलब्ध होते, त्यामुळे या पराभवाचा संबंध स्थगितीशी जोडता येत नाही.

बाद फेरी

३० मे रोजी न्यू चंदीगड येथील एलिमिनेटर सामन्यात रोहित शर्मा (८१) आणि त्याच्याबरोबर प्रथमच सलामीला आलेला बेअरस्टो (२२ चेंडूंत ४७) यांनी ८४ धावांची भागीदारी केली. मुंबईने ५ बाद २२८ धावा करून गुजरातला २० धावांनी नमवले. ग्लीसनला शेवटचे षटक टाकताना दुखापत झाल्याने मैदान सोडावे लागले आणि ते षटक अश्वनी कुमारने पूर्ण केले.

ग्लीसनऐवजी रीस टॉपलीला घेऊन मुंबई १ जून रोजी क्वालिफायर-२ साठी अहमदाबादला उतरली. ११ मे रोजी पंजाबशी जेथे गाठ पडायची होती, त्याच मैदानावर तीन आठवड्यांनी त्याच संघाशी सामना झाला. पावसामुळे खेळ दोन तासांहून अधिक उशिरा सुरू झाला. मुंबईच्या ६ बाद २०३ धावांना उत्तर देताना पंजाबचा कर्णधार, मूळचा मुंबईकर श्रेयस अय्यर याने ४१ चेंडूंत नाबाद ८७ धावा काढून एक षटक राखून विजय मिळवून दिला. प्रथम फलंदाजी करताना २०० धावा ओलांडल्यावर मुंबई आयपीएलमध्ये त्यापूर्वी कधीही हरली नव्हती. अंतिम सामन्यात रॉयल चॅलेंजर्स बंगळूरूने पंजाबला ६ धावांनी हरवून पहिले विजेतेपद मिळवले.

सूर्यकुमारने १६ सामन्यांत ७१७ धावा केल्या आणि प्रत्येक सामन्यात किमान २५ धावांचा टप्पा गाठला. स्पर्धेतील सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला. ट्रेंट बोल्टने संघातर्फे सर्वाधिक २२ बळी घेतले. बुमराहने १२ सामन्यांत १८ बळी मिळवले. बदली खेळाडूंपैकी असलंकाला एकाही सामन्यात संधी मिळाली नाही.