छंद की गंमत? बाबासाहेबांच्या 'पुस्तकवेडा'चा इतिहास

राष्ट्रीय नेत्यांच्या सवयी आणि छंदांवर लेख छापायला वर्तमानपत्रांना फार आवडते. नेहरूंचे शीर्षासन, कोटावरचे गुलाबाचे फूल, गांधीजींचे शेळीचे दूध आणि पोटावरची मातीची पट्टी, सगळे कौतुकाने सांगितले जाते. बाबासाहेबांच्या वाट्याला मात्र एकच ओळ येते: त्यांना पुस्तकांचे वेड होते. की लगेच पुढचा नेता!

आमचा आक्षेप त्या 'वेड' शब्दाला आहे. वेड म्हटले की ती स्वभावातली गंमत ठरते आणि मागचा इतिहास झाकला जातो.

हा इतिहास काय आहे? १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला शिकताना, शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवून, पोटाला चिमटा घेऊन बाबासाहेबांनी दोन हजारांच्या आसपास जुनी पुस्तके जमवली. त्यातली बरीच वाटेतच गहाळ झाली. १९१७ साली लंडनहून परतताना वेगळ्या बोटीने पाठवलेले सामान टॉर्पेडोच्या हल्ल्यात बुडाले. त्याच्या नुकसानभरपाईतून त्यांनी नोकरीसाठी बडोदे गाठले.

तिथे या उच्चशिक्षित अधिकाऱ्याला राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते पारशांच्या धर्मशाळेत उतरले. भोवती अडगळ, उजेडाला छोटा कंदील आणि डोक्यावर वटवाघळे. अशा ठिकाणी एकटेपणा विसरण्यासाठी आपण वाचत राहिलो, असे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथूनही बाहेर काढले.

आता सांगा, त्या कंदिलाच्या उजेडातले वाचन हा फावल्या वेळेचा छंद होता काय? माणूस म्हणून जागाच न देणाऱ्या शहरात पुस्तक हीच त्यांची जागा होती. म्हणूनच पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधताना त्यांनी आधी ग्रंथांच्या जागेचा विचार केला.

व्हायोलिनचेही तसेच. कोणी काय वाजवायचे हे ज्या समाजात जात ठरवत होती, हलगी वाजवणे हे गावाने लादलेले काम होते, तिथे बाबासाहेब उतारवयात आपल्या आवडीने व्हायोलिन शिकायला बसले. फाउंटन पेन, कुत्रा, बागकाम या आवडीही त्यांनी जपल्या. जातीने नेमून दिलेले काम झुगारून मनासारखे जगणे हाही माणुसकीचा हक्कच आहे.

मित्रांनो, थोडे आपल्याकडेही पाहू. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर आपली झुंबड उडते, याचा आम्हाला अभिमान आहे. पण पिशवीत भरून आणलेली ती पुस्तके पुढच्या सहा डिसेंबरपर्यंत किती जण उघडतात? जयंतीच्या डीजेवर जेवढी वर्गणी जमते, तेवढी वस्तीतल्या वाचनालयासाठी का जमत नाही?

बाबासाहेबांकडे कंदील होता. आपल्याकडे वीज आहे. सबब कोणती सांगणार?

जय भीम!