तळटीप : वेळ अमावस्या

वेळ अमावस्या (बोलीत ‘येळवस’) हा मार्गशीर्ष अमावस्येला शेतात साजरा होणारा रब्बीचा सण. कळंब तालुक्यासह धाराशिव व लातूर जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात तो पाळतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तो सहसा ठाऊक नसतो. तिथी चांद्र असल्याने इंग्रजी तारीख सरकते : २०२४ साली तो ११ जानेवारी व ३० डिसेंबर असा दोनदा आला. या दिवसांत ज्वारी उभी असते, हरभऱ्याला घाटे धरू लागतात. कडब्याची कोपी उभारून तीत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, लक्ष्मीची पूजा करतात आणि नंतर शेताभोवती नैवेद्य शिंपडतात.

सणाचा खरा जीव मात्र जेवणात आहे. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि हाती येतील त्या पालेभाज्या बेसन-ताकात शिजवून केलेली ही दाट भाजी, सोबत बाजरीचे उंडे. ज्वारीचे पीठ ताकात मुरवून केलेली आंबील मातीच्या बिंदगीतून डोक्यावरून शेतात नेतात. गव्हाची खीर असतेच. शेत नसलेल्यांना आवर्जून बोलावतात. त्यामुळे दुपारी बाजारपेठ ओस पडते. जिल्हा प्रशासनही या दिवशी स्थानिक सुट्टी देत आले आहे. संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवतात, तिला हेंडगा म्हणतात.