मतभेदाची मर्यादा : एका जुन्या मंडळाची हकीगत

समान आवडीचीं चार माणसें एकत्र जमलीं म्हणजे त्यांच्यांत स्नेह आपोआप वाढीस लागतो, अशी आपली सामान्य समजूत असते. अनुभव मात्र पुष्कळदां याच्या उलट येतो. ज्या विषयावर आपलें प्रेम नाहीं त्याविषयीं कोणी कांहींहि म्हटलें तरी आपण तें हंसून सोडून देतों. परंतु ज्याच्यासाठीं रात्रीच्या रात्री जागून काढल्या त्या विषयांत दुसऱ्यानें एक शब्द वावगा उच्चारला, कीं आपल्या कपाळास आठ्या पडतात. गाण्याच्या बैठकीनंतर घराण्यावरून, काव्यवाचनानंतर एखाद्या वृत्तावरून आणि बुद्धिबळाच्या डावानंतर एका प्याद्यावरून जिवलग स्नेह्यांत अबोला आल्याचीं उदाहरणें कोणाच्याहि पाहण्यांत असतील. अशीं मंडळें मोठ्या उत्साहानें निघतात, वर्ष-दोन वर्षें चालतात आणि विषय संपला म्हणून नव्हे, तर सभासदांचीं मनें विटलीं म्हणून बंद पडतात. या सर्वसाधारण नियमास अपवाद म्हणून अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत १७२७ सालीं निघालेल्या आणि जवळजवळ ४० वर्षें टिकलेल्या एका लहानशा मंडळाची हकीगत लक्षांत घेण्याजोगी आहे.

या मंडळाचा संस्थापक बेंजामिन फ्रँक्लिन. पुढें वीजशास्त्रांतील शोधांनीं आणि मुत्सद्देगिरीनें त्याचें नांव युरोपभर झालें. परंतु त्या वेळीं तो छापखान्यांत काम करणारा अवघा २१ वर्षांचा तरुण होता. आपल्या ओळखीचे बुद्धिमान् लोक जमवून त्यानें परस्परांच्या ज्ञानवृद्धीसाठीं एक मंडळ काढलें व त्यास ‘जंटो’ असें नांव दिलें. दर शुक्रवारीं सायंकाळीं तें भरे. आरंभीं एका मद्यगृहांत आणि पुढें रॉबर्ट ग्रेस नांवाच्या सभासदानें दिलेल्या खोलींत. सभासद बहुतेक हातानें काम करून पोट भरणारे. जोसेफ ब्राइंटनल दस्तऐवजांच्या नकला करी आणि कवितेचा भोक्ता होता. निकोलस स्कल जमिनीची मोजणी करी. विल्यम पार्सन्स मूळचा चांभार. फलज्योतिषाच्या नादानें तो गणित शिकला आणि गणित आल्यावर फलज्योतिषास हंसूं लागला. विल्यम मॉग्रिज सुतार होता, तर विल्यम कोलमन एका व्यापाऱ्याचा कारकून. तिघेजण छापखान्यांतले. ग्रेस तेवढा सुखवस्तु घरचा, विनोदी आणि शब्दांवर कोट्या करण्यांत पटाईत. यांपैकीं बहुतेकांस विद्यापीठाचें शिक्षण मिळालें असतें तर कदाचित् मंडळाची गरज भासली नसती. पुस्तकें दुर्मिळ, शिकविणारा कोणी नाहीं, आणि जिज्ञासा तर अनावर. तेव्हां एकमेकांचे गुरु आपणच होणें एवढाच मार्ग त्यांना मोकळा होता.

अशा मंडळास सर्वांत मोठा धोका कोठून संभवतो हें फ्रँक्लिनला चांगलें ठाऊक होतें, कारण तो धोका त्याच्या स्वतःच्या स्वभावांतच होता. लहानपणीं बोस्टन शहरीं असतांना बापाच्या संग्रहांतील धार्मिक खंडनमंडनाचीं पुस्तकें वाचून त्याला वाद घालण्याची चटक लागली होती. जॉन कॉलिन्स नांवाच्या मित्राशीं, स्त्रियांना उच्च शिक्षण द्यावें कीं नाहीं या प्रश्नावर त्यानें लांबलचक वाद केला. त्यांत आपण स्त्रीशिक्षणाची बाजू थोडी वादासाठीं म्हणूनहि घेतली असावी, अशी प्रांजळ कबुली त्यानें पुढें दिली आहे. नंतर झेनोफनच्या ग्रंथांतून सॉक्रेटिसाची प्रश्न विचारीत जाण्याची पद्धत त्याच्या हातीं लागली. तिच्या साहाय्यानें तो आपल्याहून जाणत्या माणसांनाहि कोंडींत धरूं लागला आणि स्वतःची योग्यता नसतां व आपल्या बाजूस बळ नसतां विजय मिळवूं लागला. हा विजय पोकळ आहे, आणि त्यानें ज्ञान तर मिळत नाहींच पण माणसें मात्र दुरावतात, हें हळूहळू त्याच्या ध्यानीं आलें. तेव्हां जंटोचे नियम हे एका शांत स्वभावाच्या मनुष्यानें इतरांस केलेला उपदेश नव्हेत. वादाचें व्यसन जडलेल्या माणसानें तें सुटावें म्हणून स्वतःस घातलेलें पथ्य, असेंच त्यांचें स्वरूप आहे.

आतां हे नियम कोणते तें पाहूं. प्रत्येक सभासदानें पाळीपाळीनें नीति, राजकारण अथवा सृष्टिशास्त्र यांतील एखादा प्रश्न चर्चेसाठीं मांडावा आणि तीन महिन्यांतून एकदां स्वतः लिहिलेला निबंध वाचावा. चर्चा अध्यक्षाच्या देखरेखीखालीं चालावी, आणि ती सत्य शोधण्याच्या बुद्धीनें व्हावी. वादाच्या हौसेनें अथवा जिंकण्याच्या इच्छेनें होऊं नये. येथवर विशेष असें कांहीं नाहीं. अशीं सुंदर वाक्यें कोणत्याहि मंडळाच्या घटनेंत आढळतील. विशेष आहे तो पुढचा नियम. कांहीं काळाच्या अनुभवानंतर सभासदांनीं असें ठरविलें कीं, आपलें मत निःसंशय खरें आहे अशा थाटाचें बोलणें आणि दुसऱ्याच्या म्हणण्यास तोंडावर सरळ नकार देणें, या दोन्ही गोष्टी मंडळांत वर्ज्य समजाव्या. जो त्या करील त्याला थोडासा पैशाचा दंड पडावा.

हा नियम वरवर पाहतां पोरकट वाटेल. परंतु त्यानें काय मना केलें आणि काय मोकळें ठेवलें याचा विचार केला पाहिजे. भांडण टाळण्यासाठीं वादग्रस्त विषयच काढावयाचे नाहींत, हा पुष्कळ मंडळांचा सोपा उपाय असतो. जंटोनें तो पत्करला नाहीं. राजकारणासारखा ज्वालाग्राही विषय त्यांच्या नेहमींच्या यादींतच होता. १७२९ च्या सुमारास कागदी चलन वाढवावें कीं नाहीं या प्रश्नानें सारा प्रांत तापला होता. श्रीमंतांस नाणें उतरण्याची धास्ती आणि गरिबांस रोजगाराची आशा. तो प्रश्नहि या खोलींत चर्चिला गेला, आणि त्या चर्चेंतूनच फ्रँक्लिननें त्याच वर्षीं आपली कागदी चलनावरील पुस्तिका लिहिली. म्हणजे मतभेदास मुळींच बंदी नव्हती. बंदी होती ती मतभेद प्रकट करण्याच्या एका विशिष्ट रीतीस. “हें साफ खोटें आहे” असें म्हणावयाचें नाहीं. “मला तें निराळें दिसतें, आणि त्याचें कारण असें” असें म्हणावयास पूर्ण मुभा. पहिल्या वाक्यानें समोरचा मनुष्य स्वतःचा बचाव करूं लागतो. दुसऱ्यानें तो कारणाकडे पाहूं लागतो.

आपल्या न्यायशास्त्रकारांनीं हाच भेद फार पूर्वीं केलेला आहे. तत्त्वनिर्णयासाठीं होणारी चर्चा तो ‘वाद’, केवळ जिंकण्यासाठीं केलेली ती ‘जल्प’ आणि स्वतःचा पक्ष न मांडतां नुसतें दुसऱ्याचें खंडन करीत सुटणें ती ‘वितंडा’. फिलाडेल्फियाच्या या कारागिरांना गौतमाचीं सूत्रें ठाऊक असण्याचा संभव नाहीं. परंतु वादाचा जल्प होण्यास किती थोडा वेळ पुरतो हें त्यांना अनुभवानें कळलें होतें. शास्त्रकारांनीं भेद सांगितला. या लोकांनीं त्यावर दंड बसविला.

नियमांच्या जोडीस दोन साध्या व्यवस्था होत्या, आणि माझ्या मतें मंडळाच्या दीर्घायुष्याचें बरेंचसें श्रेय त्यांच्याकडे जातें. पहिली ही कीं, चर्चेचा प्रश्न एक आठवडा अगोदर वाचून दाखविला जाई. त्यामुळें सभासद मधल्या काळांत त्या विषयावर वाचीत आणि तयारीनें बोलत. तयारीनें बोलणाऱ्यास आवाज चढविण्याची गरज सहसा पडत नाहीं. वाचनासाठीं आपापलीं पुस्तकें एके ठिकाणीं ठेवण्याचा प्रयोग त्यांनीं केला. निगा न राहिल्यामुळें तो वर्षभरांत मोडला, परंतु त्याच कल्पनेंतून १७३१ सालीं वर्गणीदारांचें प्रसिद्ध ग्रंथालय निघालें. दुसरी व्यवस्था म्हणजे प्रत्येक बैठकींत विचारावयाचे २४ ठराविक प्रश्न. दोन प्रश्नांच्या मध्यें पेला भरून पिण्याइतकी उसंत ठेवलेली असे. प्रश्न मोठे मार्मिक आहेत. एखाद्या सभासदाची निंदा आपल्या कानीं आली काय, आणि आली तर आपण त्याची बाजू कशी राखली? कोणाची मैत्री आपणांस हवी आहे काय, आणि ती जोडून देण्यास मंडळ कांहीं करूं शकेल काय? मंडळाच्या सध्यांच्या रीतींत कांहीं उणें दिसतें काय? ज्यानें आठ दिवसांपूर्वीं आपल्या पाठीमागें आपली बाजू राखली, त्यानें आज आपलें मत खोडलें तर तें मनुष्याला फारसें लागत नाहीं. वादाच्या वेळची सभ्यता ही वादाबाहेरच्या उपकारांवर उभी असते, हें या प्रश्नपत्रिकेचें मर्म आहे.

एवढें करूनहि सर्वांचें जमलें असें नाहीं. आरंभींच्या सभासदांत टॉमस गॉडफ्रे नांवाचा एक मनुष्य होता. धंदा खिडक्यांना कांचा बसविण्याचा, परंतु स्वतःच्या प्रयत्नानें मिळविलेलें गणिताचें ज्ञान मोठें. समुद्रावर सूर्याची उंची मोजण्याचें एक नवें यंत्र त्यानें १७३० सालीं तयार केलें. तसेंच यंत्र लंडनच्या जॉन हॅडलेनें स्वतंत्रपणें बनवून १७३१ सालीं पुढें मांडलें आणि जगांत हॅडलेचेंच नांव झालें. असा हा गॉडफ्रे मंडळांत फार दिवस राहिला नाहीं. फ्रँक्लिन म्हणतो कीं, त्याला प्रत्येक बोलण्यांत गणिती काटेकोरपणा हवा असे. क्षुल्लक गोष्टी नाकारीत आणि त्यांत भेद काढीत बसल्यामुळें संभाषणाचा विचका होई. ही साक्ष एकतर्फी आहे हें विसरतां कामा नये. गॉडफ्रेचें कुटुंब फ्रँक्लिनच्याच घरांत भाड्यानें राहत असे, आणि त्यांच्या नात्यांतील एका मुलीशीं फ्रँक्लिनचें लग्न जमविण्याचा बेत हुंड्यावरून फिसकटल्यामुळें दोन्ही घरांत वितुष्ट आलें होतें. तरी पण त्या खोलींतून जो निघून गेला तो कोणी मूर्ख नव्हता. तो त्यांच्यांतील बहुधा सर्वांत मोठा गणिती होता. बाराजणांचा स्नेह टिकावा म्हणून एका असामान्य बुद्धीस मुकावें काय? मंडळानें हा प्रश्न ठराव करून सोडविलेला दिसत नाहीं. पण त्याची किंमत त्यानें मोजली हें खरें. सौजन्य फुकट मिळतें असें मानणाऱ्यांनीं गॉडफ्रेची रिकामी जागा आठवावी.

येथें एक आक्षेप सहजच निघेल. मनांतून आपलें मत निश्चित असतां “मला असें वाटतें” म्हणणें हें ढोंग नव्हे काय? फ्रँक्लिननें याचें उत्तर चुकविलें नाहीं. एका क्वेकर स्नेह्यानें त्याला स्पष्ट सांगितलें होतें कीं, तूं गर्विष्ठ म्हणून ओळखला जातोस. तेव्हां त्यानें आपल्या गुणांच्या यादींत नम्रतेची भर घातली आणि जंटोचा जुना नियम सर्व व्यवहारांत स्वतःस लावून घेतला. १७८४ सालीं वयाच्या ७८ व्या वर्षीं याविषयीं लिहितांना तो कबूल करतो कीं, नम्रता मला खरोखर साधली असें म्हणवत नाहीं. तिचें बाह्य रूप मात्र बरेंच साधलें. परंतु त्या बाह्य रूपाचाहि लाभ त्यानें अनुभविला होता. चूक निघाली तर मानभंग कमी होई. आपलें म्हणणें बरोबर असलें तर दुसऱ्यास तें मान्य करणें सोपें जाई. अंतःकरण शुद्ध होईपर्यंत जिभेनें थांबावें असें ठरविलें, तर बहुतेक मंडळें दुसऱ्याच बैठकीस मोडतील. नियमानें मन बदलत नाहीं, पण मनास विचार करण्यापुरता अवधि मिळतो.

या सौजन्याच्या सीमाहि सांगितल्या पाहिजेत. नव्या सभासदास छातीवर हात ठेवून कांहीं प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागत: विद्यमान सभासदांपैकीं कोणाविषयीं अनादर आहे काय, धंदा व धर्म न पाहतां मनुष्यमात्रावर प्रेम आहे काय, केवळ मतासाठीं अथवा उपासनापद्धतीसाठीं कोणास इजा करणें योग्य काय. प्रश्न उदात्त आहेत; परंतु ते विचारले जात त्या खोलींत स्त्रियांना जागा नव्हती. स्वतः फ्रँक्लिननें पुढें गुलाम बाळगले, आणि त्याच्या वर्तमानपत्रांत गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. उतारवयांत, १७८७ सालीं, तो गुलामगिरी नष्ट करूं पाहणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला. चांगले नियम आंतल्या माणसांना माणुसकी शिकवितात; दाराबाहेर कोण उभें आहे हें मात्र ते आपण होऊन दाखवीत नाहींत.

मंडळाची खरी कसोटी उत्तरकाळांत लागली. पेन्सिल्व्हेनियाच्या राजकारणांत उघड तट पडले आणि जुने सभासद निरनिराळ्या बाजूंस गेले. १७६५ सालीं फ्रँक्लिन लंडनमध्यें असतांना त्यानें ह्यू रॉबर्ट्स या जुन्या सभासदास पत्र लिहून विनविलें कीं, सार्वजनिक मतभेदांची छाया कधीं मंडळावर पडली तरी तुम्ही बैठकींस जात चला; मंडळास आतां ४० वर्षें व्हावयास दोनच उणीं आहेत; आपला परस्परांवर लोभ होता व अजून आहे; आपण बरोबरच म्हातारे झालों, पण वेगळें होण्याची वेळ अद्याप आलेली नाहीं. ज्या मनुष्यानें दंडाचा नियम केला तोच येथें नियमाचें नांवहि न काढतां केवळ स्नेहाची आठवण देत आहे. नियमांनीं आपलें काम केलें होतें. आतां मागें जें उरलें होतें त्यावरच भिस्त होती.

तरी त्या नियमाचें शेवटचें पान याहि पुढचें आहे. १७ सप्टेंबर १७८७ रोजीं, अमेरिकेची राज्यघटना तयार करणाऱ्या परिषदेच्या अखेरच्या दिवशीं, ८१ वर्षांच्या फ्रँक्लिनचें भाषण जेम्स विल्सन यानें वाचून दाखविलें. ही घटना मला सर्वस्वीं पसंत नाहीं, परंतु वय वाढलें तसा स्वतःच्या निर्णयाविषयीं संशय घेण्यास मी शिकलों, असें त्यानें सांगितलें. आणि ज्यांचे आक्षेप असतील त्यांनींहि आपल्या अचूकपणाविषयीं किंचित् शंका बाळगून सही करावी, अशी विनंती केली. ३९ जणांनीं सह्या केल्या. हजर असलेल्या तिघांनीं केल्या नाहींत. त्या तिघांचा नकार कोणी गुन्हा ठरविला नाहीं.

असो. आपल्याकडे आज गांवोगांवीं वाचकांचीं, रसिकांचीं आणि छांदिष्टांचीं मंडळें आहेत. त्यांच्या चिटणिसांनीं घटनेंत आणखी एक सुंदर वाक्य घालण्यापेक्षां टेबलावर एक लहानशी दंडाची पेटी ठेवावी, आणि पहिला पैसा तींत स्वतः टाकण्याची तयारी ठेवावी. जंटोच्या संस्थापकानेंहि, त्याचा मूळ स्वभाव पाहतां, तो पुष्कळदां टाकला असावा असा माझा तर्क आहे.