साहेबाची काठी

वस्तूंचा इतिहास सांगताना आपण बहुधा टोकाकडून सुरुवात करतो. तलवार म्हटली की पाते, भाला म्हटला की फाळ आणि गळ म्हटला की त्याला लागलेला मासा! मुठीची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वास्तविक माणसाच्या हाताची खूण राहते ती मुठीवरच. माझ्यासारख्या शाळामास्तराला हे कुठल्या ग्रंथाने शिकवले नाही. ते शिकवले गळाच्या एका मोडक्या काठीने.

ही काठी मला नागपुरात एका भंगारवाल्याकडे मोडक्या छत्र्यांच्या जुडीत सापडली. पितळी नळीने जोडायचे दोन तुकडे, दोर ओवायच्या बारीक कड्या आणि बुचाच्या चकत्या एकापुढे एक ओवून केलेली मूठ. मागच्या चार चकत्या उंदरांनी कुरतडलेल्या. कारखान्याचे नाव कुठेच नाही. "साहेबाच्या जमान्यातली आहे जी, मास्तर," एवढीच वंशावळ विकणाऱ्याने सांगितली.

साहेबाचा जमाना आमच्या भागाला अनोळखी नाही. सीताबर्डीची लढाई १८१७ साली झाली, १८२१ मध्ये कन्हानच्या काठी कामठीची छावणी वसली आणि १८६१ साली नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले. छावणीत फावला वेळ असे आणि जवळ नदी असे. तेव्हा गळ टाकून बसणारे साहेब असणारच. मद्रासकडचे एक मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी तर १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे जाडजूड पुस्तकच लिहिले. हिंदुस्थानातल्या नद्यांत गळाने मासे कसे धरावेत, हा त्याचा विषय.

यावरून कोणी समजेल की गळाचा षोक विलायतेहून आला. तसे मुळीच नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. राजाने करमणूक कशी करावी हे सांगताना त्याने 'मत्स्यविनोद' असा स्वतंत्र भाग घातला असून त्यात माशांच्या जाती, त्यांना घालायचे आमिष आणि गळ यांची चर्चा केली आहे. इंग्रजांचा आयझॅक वॉल्टन या विषयावर लिहिता झाला तो १६५३ साली, म्हणजे पाचशे वर्षांनी! आणि आमच्या पूर्व विदर्भातले ढीवर तर तळ्यांवर पिढ्यान् पिढ्या मासे धरीत आले. त्यांना ना राजाचा ग्रंथ ठाऊक होता, ना साहेबाचा.

असो. मूठ दुरुस्त करायची ठरवली. कुजक्या चकत्या धारदार चाकूने थोड्या थोड्या सोलून काढल्या. हिसका दिला तर आतला बांबूच चिरतो. चकत्या निघाल्या तेव्हा दिसले की बांबू आधीच चिरलेला आहे. म्हणून काठी एका वृद्ध बुरडाकडे नेली. त्यांनी ती हातात घेतली, टोक निरखले, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "मास्तर, हा मानवेल होय जी. आपल्याच जंगलातला."

मानवेल म्हणजे भरीव बांबू. इतर बांबू आत पोकळ असतात. हा कोरड्या डोंगरउतारावर वाढला की जवळजवळ सबंध भरतो. म्हणून तो वाकतो, पण मोडत नाही. गडचिरोली-चंद्रपूरच्या रानांत तो मुबलक आहे. ब्रिटिश घोडदळाच्या भाल्यांना हिंदुस्थानातल्या अशाच भरीव बांबूचे दांडे असत. एवढेच नव्हे, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले नामांकित कारागीर बांबूच्या कामट्या चिकटवून गळाच्या उंची काठ्या करू लागले, तेव्हा त्यांचा माल जाई तो कलकत्त्याहून. त्या बांबूला तिकडे 'कलकत्ता केन' म्हणत आणि त्यावर भाजल्याचे काळे डाग असत. पुढे चीनमधला टोंकिन बांबू आला आणि कलकत्त्याचे नाव मागे पडले.

बुरुडबाबांनी चिरेत सरस भरला आणि वरून कोशाच्या दोऱ्याचे वेढे अंगाशी अंग लावून आवळले. कोसा म्हणजे भंडाऱ्याकडचे टसर. ऐन-अर्जुनाच्या पानांवर पोसलेल्या किड्याचे रेशीम. वेढ्यांवर लाखेचा हात दिला. लाखही पळस-कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्याचीच. बांबू, रेशीम, लाख! काठी साहेबाची खरी, पण तिचे अंग जोडले ते आमच्या रानातल्या मालाने.

परदेशचे उरले ते फक्त बूच. आपल्याकडच्या बुचाच्या झाडाची सालही बुचासारखी असते, पण हलक्या प्रतीची. अस्सल बूच ही पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओक वृक्षाची साल. झाड न तोडता ती दर नऊ वर्षांनी सोलतात आणि झाड पुन्हा नवी साल धरते. प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानातून मी मोठी बुचे आणली, चकत्या कापल्या, गोल कानशीने मधोमध भोके पाडली आणि सरस लावून मागच्या टोकाकडून एकेक सरकवली. रात्रभर दोरीने आवळून ठेवली. सकाळी पॉलिश पेपरने घासली. घासताना पडलेला बुचाचा भुगा सरसात कालवून लहानसहान खड्डे बुजवले.

एक खड्डा मात्र बुजवला नाही. मुठीच्या वरच्या अंगाला, अंगठा टेकतो तिथे, बूच गुळगुळीत झिजून खोलगट झाले होते. बुरुडबाबा म्हणाले, "हे राहू द्या जी. इथं माणूस बसला आहे." वाचकहो, जीर्णोद्धार आणि दुरुस्ती यांतला फरक मला त्या वाक्यात कळला. जीर्णोद्धार जुने झाकून नवे करतो. दुरुस्ती मोडले तेवढेच जोडते. झिजलेले ठेवते, कारण झीज हीच साक्ष असते.

त्या साक्षीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या रानातून असले बांबू जगभर गेले, तिथल्या माणसाला मात्र रानातला बांबू तोडायला सरकारची परवानगी लागे. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडांत गणले. वास्तविक बांबू हे गवत! निस्तार म्हणून गावकऱ्यांना बांबू सवलतीने मिळे. पण सवलत म्हणजे हक्क नव्हे. २००६ साली वनहक्क कायदा आला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक पासांचे पुस्तक आले. २०१७ मध्ये वनाबाहेर वाढलेल्या बांबूला कायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून वगळले गेले. गवताला गवत म्हणायला नव्वद वर्षे लागली!

हे सगळे मी बुरुडबाबांना सांगितले. त्यांनी हातातली कामटी खाली न ठेवता ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता आम्हाला बांबू स्वस्त भेटंल का, मास्तर?" सनावळ्या मला तोंडपाठ होत्या, या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हते. काठीची मूठ जोडणे तसे सोपे. रानाची मूठ ज्यांच्या हातातून सुटली, त्या सगळ्या हातांत ती परत जाणे, हे खरे दुरुस्तीचे काम. ते सुरू झाले आहे. सरस अजून ओला आहे.